तेच चौघे बोलतात, बाकीचे गप्प: दुरून भरणाऱ्या बैठकीतला बिघाड कसा शोधायचा

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचं जाहीर केलं आणि काही दिवसांतच आमच्या गटाच्या बैठका सभागृहातून फोनवर आणि स्क्रीनवर आल्या. तेव्हापासून मी अशा बैठका चालवत आले. आधी आमच्याच गटाच्या, मग बोलावणं येईल तशा इतरांच्याही: रहिवाशांच्या, पालकांच्या, ज्येष्ठांच्या, स्वयंसेवकांच्या. गट वेगळे, विषय वेगळे, पण मला बोलावण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच. 'लोक येतात, पण बोलत नाहीत. आणि आता यायचेही कमी झालेत.'

हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. तो इथे लिहून ठेवते. आधी फुकट आणि पाच-दहा मिनिटांत होणारी कामं, मग खर्चाची आणि शेवटी अवघड. क्रम मोडू नका. पुष्कळ गट पहिल्याच दिवशी नवं ॲप घेतात किंवा पैसे भरून मोठं खातं काढतात, आणि बिघाड असतो तिसऱ्या पायरीवर.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गप्प बसलेला माणूस बहुतेक वेळा उदासीन नसतो. तो कुठेतरी अडलेला असतो. 'लोकांना रसच नाही' असं म्हणून आपण शोध थांबवतो, आणि तिथेच ती माणसं हातची जातात.

लक्षणं

- यादीत ६० नावं, बैठकीला २५ जण, बोलणारे ५. आणि ते ५ दर वेळी तेच.
- प्रश्न विचारला की शांतता. मग दोघं एकदम बोलतात. मग 'तुम्ही बोला', 'नाही नाही, तुम्ही बोला', आणि त्यातलं एक जण शेवटपर्यंत बोलतच नाही.
- पहिल्या बैठकीला असलेली काही माणसं तिसरीपासून दिसत नाहीत. कोणीही कारण सांगितलेलं नसतं.
- बैठकीत 'सर्वांना मान्य' अशी नोंद होते आणि दोन दिवसांनी नाराजी आपापसातल्या फोनांवर फिरू लागते.
- एका घरातून कायम एकाच व्यक्तीचा आवाज येतो, खरं तर त्या घरातली तीन माणसं गटाची सदस्य असतात.
- साध्या फोनवरून जोडलेल्यांचा सुरुवातीचा 'हॅलो, येतंय का ऐकू?' एवढाच आवाज येतो.

तिसरं आणि चौथं लक्षण एकत्र दिसलं तर पुढची बैठक होईपर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात तपासणी सुरू करा. एकदा गेलेला माणूस परत आणायला आठवडे लागतात.

१. वही

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. गेल्या तीन बैठका आठवून प्रत्येक नावापुढे तीन खुणांची जागा करा: निमंत्रण पोचलं का, आले का, बोलले का. आठवत नसेल तर पुढच्या बैठकीपासून एकाला फक्त हेच काम द्या.

हे का करायचं? आपली आठवण बोलणाऱ्यांच्या बाजूने झुकलेली असते. भरपूर चर्चा झाली असं वाटतं, कारण बोलणाऱ्यांनी भरपूर बोललेलं असतं. वही समोर आली की गप्प माणसांना नावं मिळतात आणि त्या नावांमध्ये काहीतरी समान दिसायला लागतं. कधी ते सगळे ज्येष्ठ असतात, कधी सगळ्या स्त्रिया, कधी गटात नव्याने आलेले, तर कधी सगळे फोनवरून जोडलेले. त्यावरून पुढची कोणती पायरी जास्त लक्ष देऊन तपासायची ते कळतं.

'आले पण बोलले नाहीत' आणि 'निमंत्रणच पोचलं नाही' हे दोन वेगळे बिघाड आहेत. दोन्हींना एकच उपाय लावू नका.

२. फोन करा, एकेकाला

या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा. वहीत ज्यांच्यापुढे खुणा नाहीत त्यांतले पाच जण निवडा आणि त्यांना फोन करा. मेसेज नको, फोनच. ज्याला लिहायला जमत नाही किंवा आवडत नाही, तो मेसेजला उत्तर देत नाही, आणि आपल्याला नेमकी तीच माणसं शोधायची आहेत.

काय विचारता याला फार महत्त्व आहे. 'तुम्ही बोलत का नाही?' असं विचारलं की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. 'नाही हो, सगळं ठीक आहे, तुम्ही छानच करताय' असं म्हणतो आणि फोन संपतो. मी असं विचारते: 'गेल्या बैठकीत तुम्हाला काय काय नीट ऐकू आलं? मध्ये कुठे अडल्यासारखं झालं का?' यात दोष बैठकीचा असतो, त्यामुळे माणूस मोकळं बोलतो. मग गप्प राहायचं. त्यांचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचं.

या फोनांवर मला जे कळलं ते बैठकीत बसून कधीच कळलं नसतं. एक आजोबा तीन बैठका मनापासून बोलले होते, पण त्यांचा माईक बंद होता. आपलं बोलणं लोक टाळतात असं वाटून चौथ्या बैठकीला ते आलेच नाहीत. एका बाईंच्या घरी फोन एकच. तो मुलाच्या हातात असायचा, आणि त्यांनी काही सांगितलं की मुलगा त्याचं दोन शब्दांत सार सांगून मोकळा व्हायचा. एकांचं बोलणं अडखळतं; त्यांचा पहिला शब्द बाहेर पडेपर्यंत दुसऱ्याने सुरुवात केलेली असायची. आणि एकांनी हळू आवाजात सांगितलं, 'या विषयावर मी घरात बसून बोलू शकत नाही.' त्यांना मी काही विचारलं नाही, फक्त कोणत्या वेळी फोन केलेला चालेल तेवढं विचारून घेतलं. असं वाक्य ऐकलंत तर या लेखाचा शेवटचा भाग आधी वाचा.

पाच फोनांत साधारण दोन-तीन कारणं पुन्हा पुन्हा येतात. ती वहीत लिहा. इथून पुढच्या पायऱ्या त्या कारणांच्या आहेत.

३. वेळ आणि निमंत्रण

वेळ कोणी ठरवली ते बघा. बहुतेक गटांत ती चालवणाऱ्यांच्या सोयीची असते. संध्याकाळची वेळ लहान मुलं सांभाळणाऱ्याला अडचणीची, दुपारची नोकरी करणाऱ्याला. सर्वांना जमेल अशी एकच वेळ शोधत बसू नका, ती मिळत नाही. दोन वेळा आलटून पालटून ठेवा, म्हणजे गैरसोय दर वेळी त्याच माणसांच्या वाट्याला येणार नाही.

निमंत्रणात नुसती लिंक टाकू नका. विषय काय, आज काही ठरणार आहे की फक्त बोलायचं आहे, किती वेळ, फोनवरून कसं जोडायचं, अडलं तर कोणाला फोन करायचा, एवढं साध्या शब्दांत आणि निदान दोन दिवस आधी. विषय आधी कळला तर सावकाश विचार करणारा माणूस तयारीने येतो. तेच निमंत्रण आवाजात बोलून व्हॉइस मेसेज म्हणूनही पाठवा. फोटोत मजकूर लिहून पाठवलेलं निमंत्रण दृष्टिहीन सदस्याच्या स्क्रीन रीडरला (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) बहुतेक वेळा वाचता येत नाही, म्हणून मजकूर मजकूर म्हणूनच पाठवायचा.

४. ऐकू येतंय का, खरंच?

बैठकीच्या आधी पंधरा मिनिटं लाइन उघडी ठेवा. जो येईल त्याच्याशी दोन वाक्यं बोला आणि त्याचा आवाज कसा येतोय ते त्याला सांगा. वर सांगितलेल्या आजोबांचा बिघाड या पंधरा मिनिटांत पकडला गेला असता.

बैठक चालवणाऱ्याने वायरचे साधे हेडफोन लावावेत. स्पीकरवरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि घुमतो, आणि एकाच्या खोलीतला पंखा सगळ्यांच्या कानात फिरतो. ज्याला नीट ऐकू येतं त्याला हा फक्त त्रास वाटतो. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्यासाठी बैठक तिथेच संपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी उपचार किंवा साहाय्याची गरज आहे. तुमच्या गटातही अशी माणसं आहेत. त्यांतल्या पुष्कळांनी ते कोणाला सांगितलेलं नसतं.

साध्या फोन कॉलबद्दल हे माहीत असू द्या: जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो. स, श, फ यांसारख्या वर्णांची ओळख पटवणारा बराचसा भाग याच्या वर असतो. म्हणून फोनवर नावं आणि आकडे चुकीचे ऐकू येतात. उपाय फुकट आहे. आकडा दोनदा सांगा, दुसऱ्यांदा सुटा करून: 'साठ, म्हणजे सहा-शून्य'. आणि प्रत्येकाने बोलण्याआधी स्वतःचं नाव सांगावं. फोनवर असलेल्याला, दृष्टिहीन व्यक्तीला आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याला, तिघांनाही याचा उपयोग होतो.

ओठांच्या हालचालीवरून समजून घेणारे सदस्य असतील तर बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको. चेहरा काळा पडतो आणि ओठ दिसत नाहीत.

५. थांबा. मग आणखी थांबा.

ही पायरीही फुकटच आहे, पण चालवणाऱ्याला ती सगळ्यांत जड जाते. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण 'तुम्ही बोला, तुम्ही बोला' हे लक्षण इथलं आहे.

समोरासमोर बोलताना एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत फार थोडा वेळ जातो. दहा भाषांच्या तुलनेचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा मधला वेळ सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग निघाला. आपले कान या लयीला आयुष्यभर सरावलेले असतात. यापेक्षा जास्त शांतता झाली की 'कोणाला काही म्हणायचं नाही' असं आपल्याला आपोआप वाटतं.

आता नेटवरची बैठक घ्या. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर बोलणं सहसा सुरळीत चालतं, आणि ४०० च्या वर गेला तर ते चालवून घेण्यासारखं राहत नाही. समजा एकीचं नेट कमकुवत आहे आणि उशीर ३०० चा आहे. तुम्ही प्रश्न संपवला. तो तिला ३०० मिलिसेकंद उशिरा कळला. तिने लगेच तोंड उघडलं तरी तिचा आवाज तुमच्याकडे यायला आणखी ३००. तिचा श्वास घेण्याचा क्षणही मोजला तर जवळजवळ सेकंदभर गेला. तुमच्या कानाला तो सेकंद म्हणजे मोठी शांतता वाटते, म्हणून तुम्ही पुन्हा बोलू लागता. टक्कर होते. एकाने मागे हटायचं असतं, आणि हटणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याला आयुष्यभर हटायची सवय लागलेली आहे. भिडस्त माणूस, नवा माणूस, ज्याची ही भाषा नाही तो, आणि ज्याचं नेट सगळ्यांत कमकुवत तो.

म्हणजे धीट आणि चांगल्या नेटचा माणूस प्रत्येक टक्कर जिंकतो. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. तरीही तासाभरात वीस टकरा झाल्या की बैठक चौघांची होते.

उपाय: प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश सातपर्यंत मोजायचं. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गात नेमकं हेच पाहिलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबायचे. तो वेळ तीन सेकंदांच्या वर गेला की मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. नेटवर उशीर धरून मी सात मोजते. पहिल्या दोन बैठकांत ही शांतता अंगावर येते. म्हणून आधीच सांगून टाका, 'मी प्रश्न विचारून थोडी थांबणार आहे, लाइन तुटलेली नाही.' तेवढ्याने सगळे सैलावतात.

६. पाळी, आणि दुसरा माणूस

फक्त थांबूनही जमत नसेल तर फेरी घ्या. नावांचा क्रम आधी वाचून दाखवा, म्हणजे आपली पाळी कधी येणार ते कळतं. प्रत्येकाला दीड-दोन मिनिटं. 'पुढे जा' म्हणायची मुभा, आणि शेवटी पुढे गेलेल्यांना पुन्हा एकदा विचारायचं. दर बैठकीला क्रमाची सुरुवात वेगळ्या टोकाकडून करा, कारण पहिल्या तिघांचं मत बाकीच्यांना ओढून नेतं. २५ माणसांची अशी फेरी पाऊण तास खाते, हे खरं. मग चौघा-चौघांचे छोटे गट करा आणि प्रत्येक गटातून एकाने येऊन सांगावं. मात्र सांगणारा दर वेळी तोच नको.

चालवणाऱ्याने एकट्याने बैठक चालवू नये. दुसरी व्यक्ती हवीच: ती फोनवाल्यांकडे लक्ष ठेवते, अडलेल्याला परत फोन लावते, चॅट बघते. झूमवर साध्या फोनवरून जोडलेल्याला हात वर करायला स्टार ९ आणि माईक चालू-बंद करायला स्टार ६ दाबावं लागतं. हे दर बैठकीच्या सुरुवातीला बोलून सांगा. स्क्रीनवर लिहिलेलं फोनवाल्याला दिसत नाही. स्क्रीनवरचं मतदानही दिसत नाही, त्यामुळे मत तोंडी घ्या किंवा त्यांचं मत नंतर फोनवर घेतल्याशिवाय निकाल सांगू नका.

चॅटबद्दल लोक मला नेहमी विचारतात: ठेवावं की बंद करावं? दोन्ही बाजूंना खरी गरज आहे. ज्याचं बोलणं अडखळतं, ज्याला ऐकू येत नाही, ज्याच्या घरात मोठ्याने बोलणं शक्य नाही, त्याला चॅट हाच आवाज आहे. उलट स्क्रीन रीडर वापरणाऱ्याच्या कानात येणारा प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचला जातो, तेही कोणी बोलत असतानाच. मी असं करते: चॅट चालू, पण त्यात फक्त विषयाचं लिहायचं. 'छान', 'सहमत', अंगठे, फुलं काही नाही. दर दहा मिनिटांनी दुसरी व्यक्ती थांबवून चॅटमधलं सगळं नावासकट वाचून दाखवते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या सदस्याला चॅटची घोषणा बंद ठेवायची असेल तर ठेवता येते, कारण त्याचं काही बुडणार नाही याची आपण हमी दिलेली असते.

७. नेट आणि डेटाचा खर्च

आता पैशाची पायरी. गटाच्या व्हिडिओ कॉलला सेकंदाला साधारण १ मेगाबिट लागतं असं धरा. तासाला ४५० मेगाबाइट होतात. फक्त आवाज असेल तर ८० किलोबिट धरून तासाला ३६. म्हणजे बारा पटींहून जास्त फरक. 'सगळ्यांनी कॅमेरा चालू ठेवा' हा आग्रह धरला की मोजका डेटा असलेल्याला आपण बाहेर जायला सांगतो. कॅमेरा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडा. घर दाखवायचं नसणं हेही पुरेसं कारण आहे.

झूमच्या मोफत खात्यावर गटाची बैठक ४० मिनिटांत बंद पडते. पुन्हा जोडताना जे गळतात ते वहीत बघा. बहुतेक वेळा तेच, ज्यांना पहिल्यांदा जोडायलाच कोणाची तरी मदत लागली होती. म्हणून एक तर बैठक ३५ मिनिटांची करा, नाही तर गटाने वर्गणी काढून एक खातं घ्या.

आणि नेट सगळ्यांकडे आहेच असं गृहीत धरू नका. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगातली जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त लोकसंख्या इंटरनेट वापरत होती. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मोबाइलवर इंटरनेट वापरण्याची शक्यता पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये २० टक्क्यांनी कमी असल्याचं जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या २०२०च्या अहवालात आहे. घरातला फोन कोणाच्या हातात असतो हा प्रश्न मी म्हणूनच दुसऱ्या पायरीवर फोन करताना विचारते. साध्या फोनवरच्या कॉन्फरन्स कॉलला स्मार्टफोन लागत नाही. कमी माणसांत तोच सगळ्यांत समान मार्ग आहे, कारण तिथे कोणालाच कोणी दिसत नाही.

८. भाषा, आणि खुणांची भाषा

संक्षेप, योजनांची लांबलचक नावं, कार्यालयीन शब्द यांमुळे माणूस 'मला यातलं कळत नाही' असं समजून मागे सरकतो. दुसऱ्या व्यक्तीला सांगून ठेवा: अवघड शब्द आला की लगेच 'म्हणजे काय?' असं तिने विचारायचं. हा प्रश्न ठरलेल्या माणसाने विचारला की दुसऱ्या कोणाला अज्ञानी वाटायची वेळ येत नाही.

दोन भाषांचे लोक असतील तर दुभाष्यासाठी वेळ धरा, बैठक जवळपास दुप्पट लांबते. सांकेतिक भाषा वापरणारे सदस्य असतील तर प्रशिक्षित दुभाषे बोलवा. तासाभराहून मोठ्या बैठकीला दोन लागतात, कारण ते साधारण २० ते ३० मिनिटांनी एकमेकांना विश्रांती देतात. विषयपत्रिका आणि नावं त्यांना आधी पाठवा, त्यांची चौकट सगळ्यांच्या स्क्रीनवर ठळक राहील असं बघा. घरच्या माणसाला दुभाषा करू नका. तो आपल्या माणसाच्या वतीने बोलू लागतो, आणि पाचवं लक्षण पुन्हा उभं राहतं. बोललेलं स्क्रीनवर आपोआप लिहून दाखवणाऱ्या मथळ्यांची (कॅप्शनची) मदत होते, पण नावं आणि आकडे त्यात चुकतात, म्हणून निर्णयाचं वाक्य लिहूनही पाठवायचं.

९. बैठकीबाहेरची बैठक

काही माणसं काहीही केलं तरी ठरलेल्या वेळी जोडू शकत नाहीत. त्यांच्यासाठी चर्चा आठवडाभर उघडी ठेवा. एक प्रश्न, उत्तर व्हॉइस मेसेजवर किंवा फोनवर, आणि एका स्वयंसेवकाकडे सहा-सात घरांचे फोन. उत्तरं बैठकीच्या आधी गोळा होतात आणि बैठकीची सुरुवात ती वाचून होते. शेवटी वाचली तर तोवर सगळं ठरलेलं असतं.

साथीच्या काळात मोकळ्या जागेत, अंतर ठेवून छोट्या भेटीही होऊ शकतात, त्या वेळचे आरोग्याचे नियम परवानगी देत असतील तरच. दोन मीटरवर मास्क लावून बसलेल्या माणसांचं बोलणं ऐकायला कठीण जातं आणि ओठ झाकलेले असतात, म्हणून सहा-आठ जणांच्या वर जाऊ नका. ज्यांना आजारपणामुळे धोका जास्त आहे ते येणार नाहीत, तेव्हा अशा भेटीत अंतिम निर्णय घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटना मार्च २०२० पासूनच 'शारीरिक अंतर' हा शब्द वापरू लागली, कारण लांब राहायचं ते शरीराने. माणसांनी एकमेकांशी जोडलेलं राहायला हवंच होतं. मला तो शब्द फार मोलाचा वाटतो.

१०. आधीच ठरलेलं आहे का?

वरचं सगळं तपासलं, आवाज स्वच्छ, वेळ सोयीची, पाळी नीट, तरी शांतता. मग वही बाजूला ठेवा आणि हे तपासा: गेल्या सहा महिन्यांत गप्प माणसांपैकी कोणाच्या बोलण्याने एक तरी निर्णय बदलला का?

उत्तर 'नाही' असेल तर बिघाड बैठकीत नाही. निर्णय दुसरीकडे होतात आणि बैठक फक्त कळवण्यासाठी भरते, हे लोकांना कळलेलं आहे. एका गटात मी नऊ पायऱ्या पार केल्या, लोक बोलायला लागले आणि दोन महिन्यांत पुन्हा गप्प झाले. त्यांनी सांगितलेलं कुठेच उतरलं नव्हतं. तो माझा सगळ्यांत वाईट अनुभव, कारण मी त्यांना बोलतं केलं होतं.

यावर उपाय एकच आणि तो गट चालवणाऱ्यांच्या हातात आहे: काय ठरवायचं बाकी आहे आणि काय आधीच ठरलं आहे, ते बैठकीच्या सुरुवातीला स्पष्ट सांगायचं. पुढच्या बैठकीत आधी 'तुम्ही हे म्हणालात, त्याचं हे झालं. हे झालं नाही, कारण हे' असं नावानिशी सांगायचं. हे करायची तयारी नसेल तर लोकांचा वेळ घेऊ नका.

दुरुस्ती झाली का ते बघायला तीन बैठकांची वही पुरते. बोलणाऱ्यांची संख्या वाढली की नाही यापेक्षा नवी नावं आली का ते बघा. आणि कोणी ठाम असहमती बोलून दाखवली तर ती खूण सगळ्यांत भरवशाची.

इथे थांबा आणि जाणकारांना बोलवा

कोणी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं, गमतीत बोलल्यासारखं वाटलं तरी, बैठक दुसऱ्या व्यक्तीच्या हाती द्या आणि त्या माणसाशी लगेच एकट्याने फोनवर बोला. लाइन तोडू नका. मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, आणि धोका तातडीचा असेल तर आपत्कालीन सेवा. समुपदेशन तुम्ही करायचं नाही.

घरातल्या हिंसेचा संशय आला तर गटासमोर एक शब्दही विचारू नका. फोनजवळ कोण बसलं आहे ते तुम्हाला दिसत नाही. ५ एप्रिल २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँतोनियो गुतेरेस यांनी घरांतली हिंसा थांबवण्याचं आवाहन केलं होतं, कारण घराबाहेर पडता येत नव्हतं आणि पुष्कळ स्त्रियांसाठी धोका घरातच होता. नंतर फोन कराल तेव्हा 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात उत्तर देता येईल असं विचारा: 'आत्ता बोलता येईल का?' 'नाही' आलं तर दुसऱ्याच साध्या विषयावर दोन वाक्यं बोलून फोन ठेवा. पुढचं काम या क्षेत्रातल्या प्रशिक्षित संस्थेचं आहे. मेसेजमध्ये काही लिहू नका, तो दुसरं कोणी वाचू शकतं.

बैठकीत अनोळखी लोक घुसून शिवीगाळ किंवा अश्लील चित्रं दाखवू लागले तर बैठक लगेच बंद करा, त्यांच्याशी वाद घालू नका. लिंक सगळीकडे पसरू देऊ नका, प्रतीक्षाकक्ष (वेटिंग रूम) आणि पासवर्ड ठेवा. कोणाला धमकी आली असेल तर स्क्रीनचे फोटो जपून ठेवा आणि पोलिसांत जा.

दोन बाजूंमध्ये जुनं वैर असेल आणि प्रत्येक विषय त्यावरच येऊन थांबत असेल तर पाळी आणि शांतता पुरत नाही. दोन्ही बाजूंना मान्य असा, गटाबाहेरचा प्रशिक्षित मध्यस्थ हवा. तुम्ही एका बाजूला ओळखत असाल तर स्वतः मध्ये पडू नका. मालमत्ता, पैसे किंवा पदाधिकाऱ्यांची निवड असा कायदेशीर ठराव दुरून घ्यायचा असेल तर मतदान घेण्याआधी वकिलाला विचारा. गटाच्या नियमांत अशा मतदानाची तरतूद नसेल तर तो ठराव नंतर आव्हानात सापडू शकतो.

आणि ज्यांनी फोनवर हळू आवाजात काही सांगितलं, त्यांचं नाव वहीत लिहू नका.